वाचा आणि उठा

चारकोपच्या सेक्टरमधून बस चुकली म्हणून तुम्ही चालत निघता, आणि नाक्यावर पोचेपर्यंत नाकाच उरत नाही. म्हाडाच्या सोसायट्या नाहीत, रिक्षांची रांग नाही. खाडीकडून खारा वारा येतोय, पायाखाली भाताचे निसरडे बांध. साल 1960. जागतिक बँकेच्या मदतीने इथे प्लॉट पडायला अजून पंचवीसेक वर्षं आहेत. चिखल तुडवत कांदिवली स्टेशन गाठा, दादरचं तिकीट काढा.

आज 13 ऑगस्ट. बालमोहन शाळेच्या सभागृहात ‘मार्मिक’ या व्यंगचित्र साप्ताहिकाचं उद्घाटन आहे, तेही मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते. (सत्तेची टोपी उडवायची आणि मुहूर्तही सत्तेच्याच हातून! तेव्हा एवढी गंमत खपत होती.) नाव ठेवलंय प्रबोधनकार ठाकऱ्यांनी, काढणारे त्यांचे मुलगे, बाळ आणि श्रीकांत. बाळ ठाकरे फ्री प्रेस जर्नलमधली नोकरी सोडून आलेत.

आता पुढच्या कुठल्याही आठवड्यातली लोकल पकडा. शेजारच्या गिरणी कामगाराने अंक चित्राच्या पानावर दुमडलाय. कुंचल्याची रेघ पुढाऱ्याच्या पोटाशी जाड होते, नाकाच्या शेंड्याला केसासारखी बारीक. तो फिसकन हसतो, अंक पलीकडच्याला देतो. पलीकडच्याला वाचता येत नाही, तोही हसतो. अग्रलेखाला हे जन्मात जमायचं नाही.

काही वर्षं ओलांडा. त्याच अंकात आता याद्या आहेत: कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांची नावं, एकाखाली एक, बरीचशी दाक्षिणात्य. मथळा ‘वाचा आणि थंड बसा’. पुढे तोच होतो ‘वाचा आणि उठा’. डब्यात कुणी हसत नाही. मला विचाराल तर माणसं जमवली चित्रांनी. बोट कुणाकडे दाखवायचं ते याद्यांनी सांगितलं. नुसत्या यादीसाठी पदरचे पैसे कोण मोजणार होतं?

19 जून 1966 ला शिवसेना स्थापन होते. 30 ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर पहिला मेळावा. तुम्ही गर्दीत आहात. लोकलमधला तो कामगार दोन हातांच्या अंतरावर उभा आहे, घसा बसेपर्यंत घोषणा देतोय. सभा सुटते तसे तुम्ही लोंढ्याबरोबर वाहत रस्त्यावर येता. कोपऱ्यावरचं उडप्याचं हॉटेल घाईघाईने फळ्या लावतंय. शेवटची फळी बसायच्या आत तुम्हाला गल्ला दिसतो. बडीशेपेच्या बशीखाली ‘मार्मिक’चा अंक आहे, चित्राच्या पानावर दुमडलेला.