धुरंधरांच्या चित्रांतल्या बायका

चित्रकलेवर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. शिक्षण सातवीपर्यंत, आणि रंग हाती घेतले ते रांगोळीचेच. पण महादेव विश्वनाथ धुरंधर यांची चित्रे पाहिल्यापासून आपल्या भगिनींना त्यांच्याविषयी सांगावेसे फार वाटत होते. स्मरणिकेमुळे तो योग आला.

धुरंधरांचा जन्म १८६७ साली कोल्हापुरात झाला. तेथे आबालाल रहिमान यांची चित्रे पाहून त्यांना कलेची ओढ लागली. १८९० साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. समोर दिसेल ते हुबेहूब उतरवायचे, ही तेथली विलायती शिस्त त्यांनी अंगी बाणवली. १८९५ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले आणि १९३१ साली निवृत्त झाले. या आठवणी त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या पुस्तकात लिहिल्या आहेत.

शिस्त विलायती खरी, पण तिच्या जोरावर त्यांनी रंगवले ते आपले जग. राजा रविवर्म्यांप्रमाणे त्यांनी देवादिकांची चित्रे काढली, शिवरायांचा राज्याभिषेक रंगवला. बासष्टीच्या सुमारास दिल्लीच्या सचिवालयासाठी भित्तिचित्रांचे नवे काम अंगावर घेतले. वय वाढले म्हणून हात आखडला नाही.

पण मला त्यांचे मोठेपण दिसते ते साध्या बायकांच्या चित्रांत. १९२० साली निघालेल्या, भारतातील स्त्रियांवरील एका इंग्रजी पुस्तकासाठी त्यांनी रंगीत चित्रे काढली. त्यांत घरंदाज बाई आहे, तशी मुंबईची कोळीणही आहे. कोणाचा पदर कसा, कासोटा कसा, चाल कशी, हे त्यांनी बारकाईने टिपले आहे. गरीब बाईचेही हसे केलेले नाही.

माझ्या आजीचा एकही फोटो आमच्या घरी नाही. ती पदर खोचून कामाला लागायची, ते मला या चित्रांत पुन्हा दिसले आणि डोळे भरून आले. आपल्या रोजच्या कष्टांतही पाहण्यासारखे काही असते, हे चित्रकाराने ओळखले. आपण मात्र ते विसरतो.

धुरंधर १९४४ साली वारले. त्यांची कन्या अंबिकाबाई त्याच कलाशाळेत शिकून चित्रकार झाल्या. ज्यांच्या कुंचल्याने एवढ्या बायका रंगवल्या, त्यांच्या लेकीनेही कुंचला हाती घेतला. मैत्रिणींनो, आपल्या लेकीही कागदावर रेघोट्या ओढत बसल्या, तर उगाच रागावू नका.