शहाद्याची साक्ष

तरुणाच्या हातून एखादे दुष्कृत्य घडले की त्याचे मूळ त्याच्या करमणुकीत शोधण्याची रीत आजची नव्हे. नाटक, तमाशा, चित्रपट आणि चित्रकथांची पुस्तके आपापल्या काळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहून गेली, आणि त्यांच्या जागी आता मोबाइलवरील बंदुकांचे खेळ उभे आहेत. या फिर्यादीचा निवाडा करण्यापूर्वी, ज्या मुलखात हिंसेच्या कारणांची चौकशी सरकारने, जमीनदारांनी, कार्यकर्त्यांनी आणि अखेरीस प्रत्यक्ष मार खाणाऱ्या बायकांनी, प्रत्येकाने आपापल्या परीने केली, त्या मुलखाची साक्ष काढणे अप्रस्तुत होणार नाही. तो मुलूख म्हणजे तापी आणि सातपुडा यांच्यामधील काळ्याभोर जमिनीचा शहादा तालुका. पूर्वी खानदेशात, १९०६ नंतर पश्चिम खानदेशात, म्हणजेच पुढच्या धुळे जिल्ह्यात, आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात मोडणारा.

१८१८ साली पेशवाई बुडून खानदेश कंपनी सरकारच्या अमलाखाली आला, तेव्हा भिल्ल ही जातच स्वभावतः लुटारू, असे मत बहुतेक अंमलदारांनी आधीच बांधून टाकले होते. वस्तुतः घाटवाटांची राखण आणि गावची जागल ही भिल्ल नाईकांची पिढीजात कामे होती व त्यांबद्दलचे हक्कही ठरलेले होते. परंतु उत्तर पेशवाईतील धामधूम आणि १८०३-०४ चा भीषण दुष्काळ यांनी ती सारी घडी विसकटून टाकली, आणि ज्यांचा हक्क गेला त्यांनी हत्यार उचलले. प्रथम फौजा धाडून पाहिल्या, तरी बंडाळी शमली नाही. १८२५ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी धोरण पालटले. भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या, मागील गुन्ह्यांना माफी, कसण्यास जमीन आणि बीबियाण्यासाठी तगाई देण्यात आली, आणि जेम्स आउट्रम या अवघ्या बावीस वर्षांच्या लष्करी अधिकाऱ्याने धरणगाव येथे खुद्द भिल्लांचीच पलटण उभारली. यात कंपनीचा स्वार्थ होता, हे उघडच आहे. तथापि कालपर्यंत ज्यांना जन्मजात दरोडेखोर म्हटले, तेच नियमित पगार मिळताच मुलखाचा बंदोबस्त राखू लागले, या एका गोष्टीने रक्तातील हिंसेचा सिद्धांत पुरता निकालात निघावयास हवा होता. तो निघाला नाही. गुन्हेगारी जन्मावरून ठरविणारा जमातींचा कायदा १८७१ मध्ये आला आणि १९११ मध्ये त्याची व्याप्ती अधिकच वाढली.

स्वातंत्र्यानंतर शहाद्याच्या शिवारात कापूस आणि ऊस बहरला, पण ज्यांच्या बापजाद्यांची ती जमीन होती, ते भिल्ल तिच्यावरच सालदार म्हणून राबू लागले. अडीअडचणीला घेतलेली उचल, तिच्यावर चढत जाणारे व्याज, मजकूर वाचता न येणाऱ्या कागदावर उमटलेला अंगठा, आणि मग सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव, असा हा क्रम होता. पोटासाठी शेतातून कणसे नेणाऱ्याला चोर ठरवून त्याच्या बंदोबस्तासाठी जमीनदारांनी पीक संरक्षणाची पथके उभी केली. आणि मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे धान्यावरून उसळलेल्या संघर्षात भिल्लांचा बळी गेला, तेव्हा हे प्रकरण साऱ्या महाराष्ट्रासमोर आले. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे भिल्ल समाजातील कार्यकर्ते आणि बाहेरून आलेले सुशिक्षित तरुण यांच्या प्रयत्नांतून १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. पुढे १९७४ च्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत करण्याची तरतूद केली, म्हणजेच रोगाचे स्थान माणसाच्या स्वभावात नसून जमिनीच्या दफ्तरात आहे, अशी कबुलीच शासनाने दिली.

मग एखाद्या वस्तूकडे बोट दाखविणे सर्वथा व्यर्थच म्हणावे काय? या प्रश्नाला शहाद्याच्या बायकांनी दिलेले उत्तर मननीय आहे. संघटनेच्या शिबिरांत स्त्रिया बोलू लागल्या, तेव्हा जमीन व मजुरी यांच्याबरोबरच त्यांनी दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याचा प्रश्न मांडला. मोहाची फुले आंबवून, चुलीवर मडक्यावर मडके रचून जिथे दारू गाळली जाई, त्या अड्ड्यांवर गावोगावच्या बायकांचे जथे चालून जात आणि हाती लागेल ते मडके फोडून टाकीत. अर्थात हे बोट नुसत्या तर्काने उचललेले नव्हते. ज्यांच्या पाठीवर वळ उठत होते, त्यांनी ते अनुभवाने उचललेले होते. तरीही सारा दोष मडक्याच्या माथी मारून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. मारणाऱ्या पुरुषाला चारचौघांत उभे करून बायकोची माफी मागावयास लावण्यापर्यंत त्यांनी मजल गाठली. दारू हे निमित्त, हात नवऱ्याचा, आणि जाब हातालाच द्यावा लागेल, हा त्यांचा न्याय होता.

हाच न्याय खेळांना लावून पाहावा. १९९९ मध्ये अमेरिकेतील कोलंबाइन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी हत्याकांड केले, तेव्हापासून या खेळांवरील आरोपाला धार चढली. परंतु त्या देशात खेळांचा खप वाढत गेला त्याच काळात तरुणांचे हिंसक गुन्हे एकंदरीत घटत गेले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अल्पवयीनांना हिंसक खेळ विकण्यास बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा रद्द ठरविताना कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही असे नमूद केले, आणि अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये असा निर्वाळा दिला की ओरडणे, ढकलणे अशा आक्रमक वर्तनाशी या खेळांचा अल्पसा संबंध आढळतो, मात्र प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही. आपल्याकडे २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी या मोबाइलवरील बंदुकांच्या खेळावर बंदी आली तीही देशाचे सार्वभौमत्व व सुरक्षितता या कारणास्तव; तरुणांच्या मारामाऱ्यांचा त्या हुकमाशी संबंध नव्हता.

याचा अर्थ पालकांनी निश्चिंत व्हावे असा नव्हे. रात्र रात्र जागणारा, पैसे उधळणारा, घरच्यांशी तुटक वागणारा मुलगा आईला दिसत असेल, तर तिची तक्रार ऐकलीच पाहिजे, कारण तीही अनुभवाची साक्ष आहे. मात्र ती तक्रार झोपेची, पैशाची आणि अबोल्याची आहे; तिच्यावरून खुनाचा आरोप रचता येत नाही. करमणुकीवर ठपका ठेवणे सर्वांनाच सोयीचे असते, कारण त्यात कोणाची जमीन परत करावी लागत नाही, कोणाची मजुरी वाढवावी लागत नाही आणि कोणा पुरुषाला चारचौघांत उभे राहावे लागत नाही. म्हणून जो कोणी खेळावर बंदी मागेल, त्याने त्या तरुणाच्या घरात कोण मार खातो, त्याच्या हाताला काम आहे की नाही आणि त्याच्या वस्तीचे कोणते देणे थकले आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी द्यावीत, आणि मग खुशाल खेळाची चौकशी करावी.