इकडचं विद्यापीठ, तिकडचं विद्यापीठ



हा लेख कोणा विद्वानाचा नाही. मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. पहिल्या वर्षाला असताना शिष्यवृत्ती वर्षभर आली नाही, फी भर नाहीतर परीक्षेला बसू नको असं कॉलेजच्या ऑफिसातून ऐकवलं गेलं, आणि मी पाळीला लागलो तो लागलोच. त्यामुळं विद्यापीठ नावाची चीज मी पाहिली ती कुंपणाला नाक लावून, बाहेरून.

२०२२ च्या जयंतीची वर्गणी काढायला आम्ही विहारात बसलो होतो. वस्तीतला एक पोरगा एम.ए. झालेला. त्याला विलायतेला जाऊन पुढं शिकायचं होतं. विषय त्यानं ठरवलेला: कापड धंद्यातली जात. कुठल्या खात्यात कोणाला घेतात, कोणाला घेत नाहीत, का घेत नाहीत. त्यावरून वाद पेटला. एक म्हणाला, "शिकायचं तर फॉरेनलाच. हितं काय ठेवलंय?" दुसरा उसळला, "पळायचं न्हाई. बाबासाहेब परत आलेच की." दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मला उत्तर सुचेना. मग तिसरी पाळी सुटली की घरी येऊन बाबासाहेबांचे सरकारी खंड डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायला लागलो. जे हाती लागलं ते मांडतो.

आधी इकडचं. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठं १८५७ सालची. इंग्रजांनी नमुना घेतला तो त्या वेळच्या लंडन विद्यापीठाचा, म्हंजे परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाचा. शिकवायचं कॉलेजांनी. विद्यापीठानं पेपर काढायचे, तपासायचे, पदवीचा कागद द्यायचा. राज्य चालवायला शिकलेले लोक लागत होते, ते ह्या मांडवातून बाहेर पडत. आणि मांडवात आधीपासून बसलेलं कोण होतं हे सांगायला नको. १८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनला तेच लिहून दिलं. महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गाच्या पोरांवर जातो. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही मागणी त्याच निवेदनातली.

ह्या मांडवातून बाबासाहेब गेले. शाळेत संस्कृत शिकायची इच्छा, पण अस्पृश्याच्या पोराला संस्कृत नाही, म्हणून फारशी घ्यावी लागली. १९०७ ला मॅट्रिक. सयाजीराव गायकवाडांची महिना पंचवीस रुपयांची मदत मिळाली म्हणून एल्फिन्स्टन कॉलेज पुरं झालं. १९१२ च्या परीक्षेत बी.ए., विषय अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. पास झाले, पण मनात जो प्रश्न लहानपणापासून होता, की आम्हाला शिवत का नाहीत, तो ह्या चार वर्षांत कोणत्या तासाला विचारायचा? मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला तोच मुळी १९१९ साली. १९१२ साली जातीबद्दल बोलायला वर्गच नव्हता. जात होती, वर्ग नव्हता.

आता तिकडचं. ४ जून १९१३ ला बडोदा संस्थानाशी करार झाला. तीन वर्षं महिना साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची चाकरी. जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथं त्यांनी घेतलेल्या कोर्सांची मोजदाद अभ्यासकांनी केली आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, वर प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन एकेक. हा आकडा वाचून मी थांबलो. उपाशी माणूस पंगतीत बसल्यावर कसा जेवतो तशी ही यादी आहे. कुणी विचारलं नाही की बाबा, तू अर्थशास्त्राचा, मानववंशशास्त्राच्या वर्गात तुझं काय काम? इकडं एक विषय धरला की दुसऱ्याच्या दारात उभं राहू देत नव्हते. तिकडं दारं उघडी होती आणि माणूस दमेपर्यंत हिंडू शकत होता.

आणि शिक्षक. जॉन ड्यूईंना बाबासाहेब १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये माझे गुरू म्हणतात आणि त्यांचं ऋण मान्य करतात. अर्थशास्त्राचे सेलिग्मन यांनी पुढं १९२५ साली विद्यार्थ्याच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो एक दिवस, ९ मे १९१६. डॉ. गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा सेमिनार. सेमिनार म्हंजे काय ते मला आधी ठाऊक नव्हतं. शिक्षकानं बोलायचं आणि पोरांनी उतरून घ्यायचं असा तो तास नसतो. तिथं विद्यार्थी निबंध वाचतो आणि बाकीचे त्याला प्रश्न विचारतात. त्या दिवशी नुकतंच पंचविसावं पुरं केलेला, माझ्याच वयाचा, महाराचा पोरगा उभा राहिला आणि 'कास्ट्स इन इंडिया' वाचला. त्यात रडगाणं नाही. माझ्यावर काय गुजरली ते एका ओळीत नाही. आमच्या खात्यातला फिटर मशीन खोलतो तशी जात खोलली आहे. जातीचा प्राण म्हंजे जातीतल्या जातीत लग्न. ते टिकवायचं तर जातीतल्या बायका आणि पुरुष यांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की बाई जास्तीची होते, बायको मेली की पुरुष जास्तीचा. मग जास्तीच्या बाईला एक तर जाळा नाहीतर जन्मभर विधवा ठेवा, आणि पुरुषाला लहान पोरगी द्या. सती, वैधव्य, बालविवाह, तिन्ही जात राखायची हत्यारं. वरच्यांनी दार लावलं, खालच्यांनी बघून बघून लावलं. आणि मनूनं जात निर्माण केली नाही, होती ती कायद्यात बसवली, असंही ते सांगतात. हा निबंध १९१७ च्या मे महिन्यात 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला.

पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्री झोप आली नाही. जो प्रश्न इकडं पाण्याच्या माठापाशी गिळावा लागत होता, तो तिकडं टेबलावर मांडता आला.

ह्याचा अर्थ तिकडचे लोक देव होते असा नाही. जे पोरगं म्हणालं की फॉरेनलाच सगळं, त्याला हे सांगायचंय. बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले त्याच १९१३ साली अमेरिकेत विल्सनच्या सरकारनं कचेऱ्यांमध्ये काळ्या नोकरांना गोऱ्यांपासून वेगळं बसवायला सुरुवात केली होती. दक्षिणेत काळ्यांची शाळा वेगळी, गाडीचा डबा वेगळा. हे बाबासाहेब विसरले नाहीत. १९४६ साली काळ्यांचे विचारवंत डुबॉईस यांना पत्र लिहून त्यांनी युनोकडे गेलेल्या काळ्यांच्या अर्जाची प्रत मागितली. आणि लंडन? १९२२ च्या सुमारास 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध त्यांनी लंडन विद्यापीठाला दिला. त्यात रुपयाच्या बाबतीत इंग्रज सरकारच्या धोरणाची चिरफाड होती. परीक्षकांना ती झोंबली आणि प्रबंध पुन्हा लिहायला लावला, असं चरित्रकार सांगतात. निष्कर्ष न बदलता त्यांनी तो परत दिला, आणि १९२३ ला डी.एस्सी. झाले. म्हंजे तिकडंही त्यांच्या शेपटीवर पाय पडला की ते फिस्कारतात. फरक एवढाच की शेवटी पदवी द्यावी लागली.

आता परतीचं. १९१७ च्या सप्टेंबरात करारानुसार चाकरीला बडोद्याला गेले. एम.ए. झालेला, पीएच.डी.चा प्रबंध लिहिलेला माणूस. परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून टाकली होती, असं त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त लिहून ठेवलंय. गाव मात्र काही पुसत नसतं. पारशाच्या धर्मशाळेत नाव लपवून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि बाहेर काढलं. बाबासाहेब पाच तास बागेत बसून होते. पुढं १९१८ ला मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठाचं पाणी त्यांनी प्यावं की नाही ह्यावर कुरकुर. तिकडची पदवी इकडच्या माठाला लागू नव्हती. (ते सरकारी कॉलेज होतं, आणि कुरकुर करणारे सगळे पदवीधर. हे विसरायचं नाही.)

म्हणूनच परत येऊन ते गप्प बसले नाहीत. १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणा समितीला त्यांनी लेखी उत्तरं दिली. नुसत्या परीक्षा घेणारं विद्यापीठ पुरेसं नाही, शिकवणं आणि संशोधन एकमेकांपासून तोडू नका, असं त्यात आहे. १९२७ ला कायदेमंडळात विद्यापीठाचं बिल आलं तेव्हाही बोलले. कोणी ऐकलं? मग स्वतःच बांधायला घेतलं. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, तेही सकाळचे वर्ग ठेवून, की पोरानं दिवसा नोकरी करून शिकावं. १९५० ला औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद. मी सिद्धार्थच्या काळात असतो तर पाळी सांभाळून शिकलो असतो, हा विचार अधूनमधून येतो.

कोलंबियानं १९५२ साली त्यांना एलएल.डी. दिली. उस्मानियानं १९५३ ला डी.लिट. दिली. आणि ज्या औरंगाबादेत त्यांनी कॉलेज उभं केलं, तिथल्या विद्यापीठाला त्यांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ ला केला तर मराठवाडा पेटला. आपल्या वस्त्या जळाल्या, पोचिराम कांबळेंना मारलं. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही जोडून.

पुढं काय बदललं? वर्ग निघाले, विभाग निघाले, आपली पोरं आत गेली. २००७ ला थोरात समितीनं दिल्लीच्या एम्सबद्दल लिहिलं की आपली पोरं छळामुळं हॉस्टेलात एका बाजूला गोळा होतात. हैदराबादेत १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. हॉस्टेलातून काढलेला, फेलोशिप थांबलेली. आणि तिकडं आपल्याच देशातली जात विमानात बसून पोचलेली. २०१९ ला ब्रँडाईस विद्यापीठाला आणि २०२२ ला कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाला भेदभावाच्या नियमांत जातीचा उल्लेख करावा लागला.

आता आमच्या पोराचं. त्याच २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपचे नियम बदलले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातला सामाजिक अभ्यास ह्या विषयांना परदेशात शिकायला पैसा नाही. म्हणे हे विषय देशातच शिकता येतात. मी कागद घेऊन बाबासाहेबांचे विषय खाली खाली लिहिले. 'एन्शंट इंडियन कॉमर्स'. 'नॅशनल डिव्हिडंड ऑफ इंडिया'. 'कास्ट्स इन इंडिया'. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेचा प्रबंध. रुपयाचा प्रश्न. सगळेच्या सगळे भारताचे. जात आणि इतिहास तर त्या नियमात सरळच बसत नाहीत. बाकीच्यांवर कारकून लाल पेन्सिल घेऊन बसला असता. बडोद्याच्या राजानं १९१३ साली असली अट घातली नव्हती.

पोरगं म्हणालं, "विषय बदलू का दादा? मॅनेजमेंट लिहितो." मी नको म्हणालो. मला काय अधिकार, पण म्हणालो. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्याला विणाई खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि महाराच्या तोंडाचा धागा इतरांना चालत नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल पुढं केला होता. त्या प्रश्नाचा पुढचा धागा ह्या पोराच्या हातात होता, तो तोडून त्यानं मॅनेजमेंट शिकायचं?

तो गेला नाही. इथंच एका विद्यापीठात नाव घातलं. मार्गदर्शक मिळायला वर्ष गेलं, पहिल्यानं विषय ऐकून "जरा मोठा आहे" म्हणाले, दुसऱ्यानं घेतला. परवा सुट्टीच्या दिवशी वही घेऊन गेटवर आला. पहिला प्रश्न मलाच. रिंग खात्यात मशीन चालवणारे कोण, झाडलोट करणारे कोण, जॉबर कोण, आडनावानिशी सांग. मी म्हणालो, थांब, पाळी सुटू दे, बाकीच्यांनाही बोलावतो.