माती, मडके आणि गाथा : भोगवर्धन ते तेर

जालना जिल्ह्यात केळणा नदीच्या काठी वसलेले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांवरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख येतो. १९७३ साली डॉ. शां. भा. देव व डॉ. र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले आणि सातवाहनकालीन नगर प्रकाशात आले. त्या उत्खननातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीची पुष्कळ चर्चा झाली, कारण तशीच मूर्ती दूर इटलीतील पाँपेई नगरात सापडली होती. परंतु अशा कोणत्याही उत्खननात सर्वाधिक हाती येते ते खापर. हस्तिदंत धनिकाच्या घरी असते. मडके मात्र प्रत्येकाच्या घरी असते. ज्यांची नावे दानलेखांत कोरली गेली नाहीत, त्यांचा इतिहास याच खापरांत आहे आणि लोकांच्या ओठांवरील गीतांत आहे. म्हणून माती आणि मडके यांचा उल्लेख करणाऱ्या गीतांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहणे अगत्याचे ठरते.

या गीतपरंपरेचा प्राचीन झरा पाली वाङ्मयात आहे. धम्मपदाच्या चित्तवग्गातील चाळिसावी गाथा देहाला मातीच्या घड्याची उपमा देते. देह फुटणारा आहे हे जाणून चित्ताची नगरासारखी तटबंदी करावी आणि प्रज्ञेच्या शस्त्राने माराशी झुंजावे, असा तिचा आशय आहे. सुत्तनिपातातील सल्लसुत्तात तर कुंभाराने घडविलेली सर्वच भांडी शेवटी फुटतात, तसेच मर्त्यांचे जीवित आहे, असे सांगून शोकाकुल माणसाला सावरले आहे. मडके फुटते म्हणून रडत बसू नका. ते फुटण्यापूर्वी चित्त सुरक्षित करा, हा या गाथांचा उपदेश होय.

मज्झिम निकायातील घटिकारसुत्तात कुंभार हा उपमेपुरता न राहता कथेचा नायक होतो. कस्सप बुद्धांचा उपासक घटिकार हा अंध, वृद्ध मातापित्यांचा सांभाळ करतो. तो कुदळीने जमीन खणत नाही. काठ ढासळून पडलेली किंवा उंदरांनी उकरलेली माती आणतो. भांडी तयार झाली की धान्य ठेवा आणि हवे ते भांडे घेऊन जा, असे म्हणून तो मोकळा होतो. त्याचा मित्र जोतिपाल हा ब्राह्मण तरुण. बुद्धदर्शनाला यावे म्हणून घटिकार त्याला पुनःपुन्हा विनवितो, आणि तो ऐकत नाही तेव्हा त्याचे नुकतेच धुतलेले केसच धरतो. हीन जातीचा मानला गेलेला माणूस आपल्या केसांना हात घालतो, तेव्हा ही गोष्ट क्षुल्लक नसावी, असे जोतिपालला वाटते. स्पर्शाची भिंत ओलांडून कुंभार ब्राह्मणाला धम्माकडे नेतो! हा जोतिपाल म्हणजे पूर्वजन्मातील आपणच, असे तथागत शेवटी सांगतात. बोधिसत्त्वाला वाट दाखविणारा हात मातीने माखलेला होता, हे आपण विसरता कामा नये.

आता मराठवाड्याच्याच तेरकडे वळू. प्राचीन तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. येथील त्रिविक्रम मंदिराची विटांची गजपृष्ठाकार वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. याच तेरला परंपरेनुसार तेराव्या-चौदाव्या शतकात संत गोरोबा कुंभार होऊन गेले. त्यांच्या नावावर मोजकेच अभंग आहेत. परंतु कीर्तनांतून त्यांची एक कथा घरोघर पोहोचली. गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेव हे मडके कच्चे ठरविले. मज्झिम निकायातील महासुञ्ञतसुत्तात तथागत आनंदांना सांगतात की, कुंभार कच्च्या भांड्याला जपतो तसे मी तुम्हांला जपणार नाही. दोष दाखवून पुन्हा पुन्हा टोकीन, आणि जे सारभूत असेल तेच टिकेल. या दोन प्रसंगांत थेट नाते होते असे म्हणण्यास पुरावा नाही. तथापि कुंभाराच्या चाकाजवळ आणि आव्याजवळ उभे राहून विचार करणारी माणसे दोन्हीकडे होती, एवढे निश्चित.

मात्र मातीच्या या इतिहासाला एक काळी बाजू आहे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात थुंकीसाठी मडके बांधले जाई, ही गोष्ट बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’ या भाषणात नमूद केली आहे. गाथेत अनित्यतेची खूण असलेले मडके येथे माणसाच्या अवमानाची खूण झाले. माती तीच, चाक तेच. मग दोष मातीचा की समाजव्यवस्थेचा? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर याच प्रश्नाचे उत्तर दिले गेले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बावीस प्रतिज्ञांनी श्राद्ध आणि पिंडदान नाकारले, आणि मृत्यूचा अर्थ पुन्हा अनित्यतेच्या जाणिवेत शोधता येऊ लागला.

हातातील गाडग्यावरून ज्यांचे नाव पडले, त्या गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) ते अवमानाचे भांडे स्वाभिमानाचे केले. कीर्तनातून त्यांनी अस्पृश्यतेवर आणि अंधश्रद्धेवर प्रहार केला आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला गाडगेबाबाही गेले.

ही परंपरा पुरुषांच्या कीर्तनापुरती नव्हती. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या नोंदल्या गेल्या. जालन्याच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत उपासिकांनी बाबासाहेबांना आपल्या घरात आणि आपल्या शब्दांत आणले. आता पिठाची गिरणी गावोगावी आहे. जाते थांबले आणि त्याबरोबर ओवीही थांबत चालली आहे.

भोकरदनचे खापर मातीखाली दोन हजार वर्षे टिकले, कारण ते भाजलेले होते. गीताला असा आवा नाही. ते गाणाऱ्या कंठाबरोबरच नाहीसे होते. म्हणून वर्षावासात विहारात जमणाऱ्या वयोवृद्ध उपासिकांजवळ वहीपेन्सिल घेऊन बसणे, त्यांच्या ओव्या त्यांच्याच उच्चारांत, गाव व तारखेसह लिहून घेणे, हे जालना जिल्ह्यातील प्रत्येक सुशिक्षित तरुण-तरुणीचे कर्तव्य आहे. ज्यांच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके बांधले गेले, त्यांच्या गळ्यातले गाणे हरवू न देणे आपल्याच हाती आहे.