पावलं ते पावती

गणपतीच्या आधी दोन आठवडे मंडळाची मुलं दारात येतात. एकाच्या हातात पावतीपुस्तक, दुसऱ्याच्या हातात पेन. ‘‘काका, पाचशेची फाडू?’’ ‘लिहू’ का, असं कुणी विचारत नाही, थेट ‘फाडू’. घासाघीस होऊन गाडी दोनशे एकावर थांबते. कार्बनच्या निळ्या अक्षरांची स्थळप्रत पुस्तकात राहते, वरचा कागद टरकन् फाटून माझ्या हातात येतो.

या फाडण्याचा मराठीने पुरेपूर फायदा घेतला आहे. सिग्नल तोडला की पोलीस पावती फाडतो. ऑफिसात घोळ घालतो एक आणि पावती फाटते भलत्याच्याच नावावर. म्हणजे पैसे दिल्याचा पुरावा असलेला कागद बोलता बोलता दोषाचा कागद झाला. ‘कामाची पावती मिळाली’ म्हणताना मात्र तोच कागद शाबासकीचा होतो.

मुळात पावती कागदाची नव्हेच, ती क्रियापदाची लेक. संस्कृत ‘प्र + आप्’ म्हणजे मिळणे, पोहोचणे. प्राकृतात त्याचं ‘पाव’ झालं आणि मराठीत ‘पावणे’. (पावशेरातला पाव ‘पादा’वरून आलेला, वडापावातला पोर्तुगिजांकडून; पावतीशी दोघांचंही नातं नाही.) जुन्या पत्रांत ‘पत्र पावले, मजकूर कळला’ अशी सुरुवात असे. पाठवणाऱ्याला तेवढे दोन शब्द पुरत. पावलं ते सांगते ती पावती.

गंमत अशी, की इथे कर्ता माणूस नाही. मी पत्र ‘घेतलं’ नाही, पत्र मला ‘पावलं’. देवही तसाच पावतो. आपण फक्त नवस बोलायचा. फारसीतून आलेल्या ‘रसीद’ची तीच तऱ्हा: ‘रसीदन’ म्हणजे पोहोचणे, रसीद म्हणजे ‘पोहोचलं’. आपली ‘पोच’सुद्धा पोहोचण्यातूनच आलेली, म्हणून पोचपावती हा एकाच अर्थाच्या दोन शब्दांचा जोड. इंग्रजी ‘रिसीट’ मात्र घेणाऱ्याच्या बाजूने बोलते. तिचं मूळ लॅटिनमधलं, अर्थ घेणे, स्वीकारणे. स्पेलिंगमधला न उच्चारला जाणारा ‘पी’ त्या लॅटिन कुळाची आठवण म्हणून मागाहून घुसवलेला. ‘रेसिपी’ तिची सख्खी बहीण: वैद्य औषधाच्या चिठ्ठीवर आधी ‘घ्या’ असं लिहीत, ते हे.

पैसे पोहोचले हे घेणाऱ्याने कबूल करायचं असतं, म्हणून कायद्यालाही पावतीवर सही लागते ती त्याचीच. रक्कम पाच हजारांच्या वर गेली, की एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर आडवी सही करायची. सगळी रक्कम चुकती झाली, की घेणारा ‘भरून पावलो’ म्हणे. आज हे शब्द हिशेबातून उठून मनात गेले आहेत. नातवाला कडेवर घेतलेली आजी डोळे पुसत म्हणते, ‘‘भरून पावले गं बाई.’’ आणि घराच्या दुरुस्तीसाठी दोन महिने ठेकेदारामागे धावलेला माणूस हात जोडून म्हणतो, ‘‘भरून पावलो बाबा!’’ शब्द तेच. पहिल्या वेळी खातं खरंच पूर्ण झालेलं असतं, दुसऱ्या वेळी माणसाला ते फक्त बंद करायचं असतं.

पण कागद, तिकीट, सही यांच्याशिवाय दिलेली पावती मी लहानपणी ऐकली आहे. पहाटे मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव चिपळ्या वाजवत येई. आजी सुपातून मूठभर जोंधळे त्याच्या झोळीत टाकी. तो एकेका देवाचं नाव घेऊन ‘दान पावलं’ म्हणे. धान्य झोळीत पडलेलं आजीला दिसतच होतं; तो पावती देत होता ती पुढच्या, न दिसणाऱ्या मुक्कामाची.

परवा भाजीवालीकडे मेथीच्या जुडीचे पैसे मोबाइलवरून पाठवले. तिचे दोन्ही हात वांगी तोलण्यात अडकलेले. टोपलीमागचा छोटा डबा खणखणीत आवाजात बोलला, ‘‘वीस रुपये प्राप्त झाले.’’ ‘प्राप्त’ म्हणजे तोच ‘प्र + आप्’, फक्त प्राकृताच्या वाटेला न गेलेला. तिने मान वर न करताच जुडी माझ्या पिशवीत टाकली. कागद नाही, सही नाही. पावती पुन्हा तोंडी झाली.