नवीन असेंबल केलेला पीसी अचानक बंद पडतोय? पार्ट बदलण्याआधी लाइट, इन्व्हर्टर आणि एसएमपीएस तपासा

नवीन पीसी असेंबल केला, विंडोज टाकली, दोन दिवस सगळं मस्त चाललं. आणि मग गेमच्या मध्येच, कधी तर नुसतं यूट्यूब चालू असताना, पीसी खटकन बंद. ना एरर, ना निळी स्क्रीन. परत बटण दाबलं की जणू काही झालंच नाही असा चालू होतो.

अशा वेळी मित्रांचे सल्ले लगेच येतात: रॅम बदल, एसएमपीएस गेला असेल, बोर्ड डुप्लिकेट दिला असेल. घाईघाईत एखादा पार्ट परत पाठवला जातो, आणि बीड जिल्ह्यात राहणाऱ्याला हे महागात पडतं. बऱ्याच कंपन्यांचं सर्व्हिस सेंटर गाठायला पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर करावं लागतं, ऑनलाइन घेतलेल्या पार्टची बदलून मिळायची मुदत थोड्याच दिवसांची असते, आणि पार्ट ‘काही दोष नाही’ म्हणून परत आला की तेवढे दिवसही गेले. म्हणून आपल्याकडे तपासणी भिंतीतल्या बोर्डापासून सुरू करावी आणि पीसीच्या आत सगळ्यात शेवटी जावं.

बंद पडतो म्हणजे नक्की काय होतं?

पंखे, लाइट, सगळं एका क्षणात गेलं तर संशय विजेवर, एसएमपीएसवर किंवा शॉर्टवर. स्क्रीन काळी झाली पण पंखे फिरतायत, तर ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर बघा. निळी स्क्रीन येऊन रीस्टार्ट होत असेल तर रॅम, ड्रायव्हर किंवा एसएसडी. आणि ‘शटिंग डाउन’ असं दाखवून शिस्तीत बंद होत असेल तर तो बिघाडच नाही, अपडेटने किंवा एखाद्या प्रोग्रॅमने बंद केलाय.

आता विंडोजची डायरी वाचा. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा, त्यात ‘विंडोज लॉग्ज’ आणि मग ‘सिस्टीम’. पीसी बंद पडला त्या वेळेच्या आसपास ‘कर्नल-पॉवर’ नावाची, ४१ क्रमांकाची लाल नोंद दिसेल. ही नोंद बघून लोक घाबरतात, पण तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी पीसी नीट बंद झाला नव्हता. ती कारण सांगत नाही. खरी माहिती तिच्या ‘डिटेल्स’मध्ये असते. तिथे ‘बगचेक कोड’ शून्य असेल तर विंडोजला निळी स्क्रीन नोंदवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे बहुतेक वीजच तुटली. शून्य नसेल तर तो आकडा लिहून घ्या, ती वेगळी लढाई आहे. तिथेच ‘पॉवर बटण टाइमस्टँप’ शून्याऐवजी भलामोठा आकडा दाखवत असेल, तर पॉवर बटण दाबून धरल्याची नोंद झालीय. तुम्ही दाबलं नव्हतं? मग कॅबिनेटचं बटण अडकतंय. १०७४ क्रमांकाची नोंद असेल तर कुणीतरी किंवा कशाने तरी आदेश देऊन बंद केलंय, आणि ते कोण हेही त्यात लिहिलेलं असतं.

मोबाइलला साक्षीदार करा

पीसी कधी पडेल सांगता येत नाही, म्हणून मोबाइल उभा करून व्हिडिओ चालू ठेवा. फ्रेममध्ये तीन गोष्टी हव्यात: पीसीचा टॉवर, मॉनिटर, आणि त्याच बोर्डावर लावलेला एक साधा नाइट लॅम्प. आवाजही रेकॉर्ड होऊ द्या. पीसी पडला त्या क्षणी दिवा लुकलुकला का? इन्व्हर्टरचा ‘टक’ आवाज आला का? यूपीएसने बीप दिला का? डोळ्याला न दिसलेला फरक व्हिडिओ हळू चालवला की दिसतो. पुढे दुकानदाराशी बोलताना हाच व्हिडिओ कामाला येतो.

लाइट ‘आहे’ म्हणजे ठीक आहे असं नाही

घरगुती सिंगल फेज पुरवठा २३० व्होल्टचा मानला जातो आणि नियमाप्रमाणे त्यात ६ टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. आता गेवराई किंवा माजलगावच्या एखाद्या गावात शेवटच्या खांबावरचं घर घ्या. शेतीची थ्री फेज लाइट आली, मोटारी एकदम सुरू झाल्या, की घरातला पंखा मंदावतो. डीपीवर लोड जास्त असेल तर संध्याकाळी हेच. परळीला औष्णिक वीज केंद्र असलेला आपला जिल्हा, पण तिथली वीज ग्रिडमध्ये जाते. तुमच्या घरात किती व्होल्ट पोचतात हे तुमची डीपी, तिथून येणारी तार आणि मीटरपासूनचं वायरिंग ठरवतं.

मोबाइलवर वाढलेल्या पिढीला ही भानगड नवीन असते, कारण मोबाइल आणि लॅपटॉपला बॅटरी असते. डेस्कटॉपला ती नसते. लाइट क्षणभर तुटली तर एसएमपीएसमधल्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर पीसी तग धरतो, पण पूर्ण लोडवर हा वेळ साधारण १६-१७ मिलिसेकंदच असतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची एक लहर २० मिलिसेकंदांची. म्हणजे एक लहरही पूर्ण चुकली तर पीसी पडू शकतो, आणि डोक्यावरचा पंखा मात्र फिरतच राहतो. लोड कमी असेल तर कपॅसिटर जास्त वेळ पुरतो. म्हणून तोच झटका ब्राउझिंग करताना पचतो आणि गेम खेळताना पीसी पाडतो. बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डला उगाच शिव्या बसतात.

तर दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी व्होल्टेज मोजून घ्या. बोर्डात लावायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो, तो पुरेसा आहे. मल्टिमीटरची सवय नसेल तर सॉकेटमध्ये काड्या घालू नका, वायरमनला बोलवा. त्याच्याकडून अर्थिंगही बघून घ्या, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडला की ती नावालाच उरते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग होईपर्यंत पीसी वापरू नका. आणि घरातले काही बल्ब अचानक जास्त उजेड देऊ लागले, तर न्यूट्रल सैल असू शकतो. मेन स्विच बंद करा आणि महावितरणला १९१२ वर कळवा, पीसीचं नंतर बघू.

एक्स्टेंशन बोर्डही सोडू नका. मिक्सर, कूलर आणि पीसी एकाच दोनशे रुपयांच्या बोर्डावर असतील आणि पिन हलवल्यावर चर्र आवाज येत असेल, तर पुढचं वाचायची गरजच नाही.

इन्व्हर्टर आणि यूपीएस

माझ्या मते आपल्या भागात सगळ्यात जास्त चुकलेलं निदान इथे असतं. घरच्या बऱ्याच इन्व्हर्टरला मागे किंवा पुढे एक छोटा स्विच असतो, एका बाजूला ‘यूपीएस’ आणि दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’, ‘इको’ किंवा ‘वाइड’ लिहिलेलं. नॉर्मलवर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला इन्व्हर्टर जास्त वेळ घेतो. पंखे-बल्बला तो चालतो, पीसीला नाही. यूपीएस मोडवर हा बदल झटपट होतो.

पण यूपीएस मोडला आपल्याकडे एक अडचण आहे. त्या मोडमध्ये इन्व्हर्टर व्होल्टेजच्या बाबतीत चोखंदळ असतो. अनेक मॉडेल साधारण १८० व्होल्टच्या खाली लाइट घेतच नाहीत आणि सरळ बॅटरीवर जातात. संध्याकाळी तुमच्याकडे १७० व्होल्ट येत असतील, तर लाइट असूनही घर बॅटरीवर चालतं, चार्जिंग होत नाही आणि तासा-दोन तासांनी ‘लो बॅटरी’ होऊन सगळंच बंद. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर नव्या, अॅक्टिव्ह पीएफसी असलेल्या एसएमपीएसचं त्याच्याशी पटेलच असं नाही. एसएमपीएस गुणगुणायला लागला किंवा बदलाच्या क्षणी पीसी पडला तर हेच कारण समजा. प्युअर साइन वेव्ह असेल तर हा त्रास सहसा नसतो.

पीसीसाठी वेगळा यूपीएस घेतला असेल तर त्यावरचा व्हीए नाही, वॅटचा आकडा वाचा. बाजारातला नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. आता हिशोब करा: कोअर आय५ १२४०० जास्तीत जास्त ११७ वॅट, आरटीएक्स ३०६० कार्ड १७० वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, वर एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज, आणि त्याच यूपीएसवर मॉनिटर. गेममध्ये हे ३६०च्या काठावर किंवा वर जातं. लाइट असेपर्यंत सगळं छान, लाइट गेली की यूपीएस ओरडतो आणि बंद.

खात्री करायला इन्व्हर्टर आणि यूपीएस दोन्ही काढून, घरात व्होल्टेज चांगलं असेल त्या वेळी पीसी थेट भिंतीतल्या चांगल्या सॉकेटवर दोन दिवस चालवा. मग उलट करा: शहरातल्या मित्राकडे टॉवर घेऊन जा, तिथे तोच गेम तेवढाच वेळ खेळा. तिकडे एकदाही पडला नाही तर एकही पार्ट परत पाठवू नका.

एसएमपीएस आणि केबल

बाहेरचं सगळं ठीक असेल तर आता आत. पीसी बंद करा, मागचा स्विच बंद करा, वायर काढा. एसएमपीएस स्वतः कधीच उघडायचा नाही, त्यातल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही ३०० व्होल्टपेक्षा जास्त वीज राहू शकते.

नवीन पीसीत केबल अर्धवट बसलेली असणं अगदी नेहमीचं. बोर्डाची २४ पिनची आणि प्रोसेसरजवळची ८ पिनची केबल काढून, ‘टक्’ होईपर्यंत परत दाबा. ग्राफिक्स कार्डचीही तशीच. मॉड्युलर एसएमपीएस असेल तर जुन्या किंवा दुसऱ्या एसएमपीएसची केबल त्याला लावू नका. पिन तशाच दिसतात पण आतली जोडणी वेगळी असते आणि पार्ट जळतात.

लेबलही वाचा. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलेलं असलं तरी १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा. १२ ने गुणलं की प्रोसेसर आणि कार्डसाठी खरे किती वॅट मिळतात ते कळतं. आरटीएक्स ३०६० साठी एनव्हिडियाच ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. इनपुटच्या जागी २००-२४० व्होल्ट लिहिलं असेल आणि घरी १७० येत असतील, तर कोडं तिथेच सुटलं. आणखी एक खूण: बंद पडल्यावर बटण दाबून काहीच होत नाही, पण मागचा स्विच बंद करून अर्ध्या मिनिटाने लावला की चालू होतो. बऱ्याचदा याचा अर्थ एसएमपीएसने शॉर्ट किंवा जास्त लोड बघून स्वतःला बंद करून घेतलं.

उष्णता

पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात ४० अंश असताना सगळे आधी उष्णतेलाच दोष देतात. पण आजचे प्रोसेसर तापले की आधी वेग कमी करतात, गेम अडखळतो, आणि तरीही तापमान चढलं तरच बंद होतात. अडखळ न होता खटकन बंद होत असेल तर मी आधी विजेकडेच बघेन. तपासायला एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवा. इंटेलची मर्यादा बहुतेक १०० अंशांची, रायझेनची मॉडेलप्रमाणे ९० ते ९५. काहीच न करता ८० दिसत असेल तर कूलर नीट बसलेला नाही: खालचं प्लास्टिक काढायचं राहिलं, चारपैकी एक पिन लागली नाही, किंवा पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ऐवजी दुसरीकडेच आहे.

बटण, शॉर्ट आणि रॅम

बटणाचा संशय असेल तर पीसी चालू झाल्यावर बोर्डवरून पॉवर आणि रीसेट बटणाच्या वायरी काढून ठेवा. आता पडला नाही तर खराबी कॅबिनेटच्या स्विचमध्ये. शॉर्टसाठी बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ बघा, स्क्रूचं भोक नसलेल्या जागी एखादा राहिला असेल तर तो बोर्डाला मागून टेकतो. बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर फक्त प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम लावून चालवा. मात्र प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर ग्राफिक्स कार्डही लावावं लागेल.

रॅममुळे सहसा निळी स्क्रीन किंवा रीस्टार्ट होतो. बायॉसमध्ये एक्सएमपी बंद करा, एकेक स्टिक लावून बघा, मेमटेस्ट८६ चालवा. बायॉस अपडेट मात्र आत्ता नको. मध्येच पीसी बंद पडला तर बोर्डच उठणार नाही.

दुकानदाराकडे जाताना

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तारीख-वेळ वहीत लिहा. व्हिडिओ, ४१ नंबरच्या नोंदीचा फोटो, ‘मित्राकडेही असाच पडला’ याचा पुरावा आणि जीएसटीचं बिल एवढं हातात असेल तर ‘विंडोज परत टाका’ म्हणून कुणी वाटेला लावू शकत नाही. आधी दुकानातला दुसरा एसएमपीएस लावून बघायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. वॉरंटीत असूनही टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि ग्राहक आयोगाकडे तक्रार ऑनलाइनही करता येते. बिल तुमच्या नावाचं आणि पार्टच्या सीरियल नंबरसकट असेल हे मात्र खरेदीच्या दिवशीच बघून घ्या.