अनुकूलनशील रहदारी गाळणी

अनुकूलनशील रहदारी गाळणी ही संगणक जाळ्यातील माहितीच्या प्रवाहाचे सतत मापन करून त्यानुसार आपले नियम आपोआप बदलणारी संरक्षणपद्धती होय. सेवा-नकार हल्ल्याच्या वेळी घातक पॅकेटे अडवणे आणि खऱ्या वापरकर्त्याची वाट मोकळी ठेवणे, हा तिचा दुहेरी उद्देश असतो. स्थिर गाळणीचे नियम आधीच ठरवलेले असतात; अनुकूलनशील गाळणीचे नियम चालू रहदारीवरून ठरतात.

सेवा-नकार हल्ला

या हल्ल्यात माहितीची चोरी होत नाही. सर्व्हर, राउटर किंवा जोडणी यांवर क्षमतेपलीकडे भार टाकून अधिकृत वापरकर्त्यास सेवेपासून वंचित ठेवले जाते. हल्ला अनेक संगणकांवरून एकाच वेळी झाल्यास त्याला वितरित सेवा-नकार हल्ला किंवा ‘डीडॉस’ म्हणतात. काही हल्ले जोडणीची बँडविड्थ व्यापतात, काही संपर्क प्रस्थापित करण्याच्या नियमांचा गैरवापर करतात, तर काही संकेतस्थळाकडे वरकरणी साध्या दिसणाऱ्या विनंत्यांचा मारा करतात. तिसऱ्या प्रकारात प्रत्येक विनंती सुटी पाहिल्यास निर्दोष दिसते, म्हणून तो ओळखणे सर्वांत अवघड असते.

इतिहास

सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कमधील पॅनिक्स या इंटरनेट सेवा पुरवठादारावर अर्धवट सोडलेल्या संपर्क-विनंत्यांचा मारा झाला आणि या धोक्याकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. मे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बीसीपी ३८’ या दस्तऐवजात, खोटा प्रेषक-पत्ता असलेली पॅकेटे पुरवठादाराने आपल्या सीमेवरच अडवावीत, अशी शिफारस करण्यात आली. २००२ मध्ये रतुल महाजन व सहकाऱ्यांनी ‘पुशबॅक’ ही कल्पना मांडली. तीनुसार गर्दीने कोंडलेला राउटर त्या गर्दीची लक्षणे ओळखतो आणि तिला आवर घालण्याची विनंती प्रवाहाच्या उगमाकडील राउटरांना करतो.

जुलै २०१६ मध्ये मुंबईतील इंटरनेट सेवा पुरवठादारांवर मोठा वितरित हल्ला झाला. ग्राहकांची सेवा मंदावली आणि पोलिसांत गुन्हा नोंदवण्यात आला. येथे एखादे संकेतस्थळ नव्हे, तर ग्राहकांना इंटरनेटशी जोडणारी वाटच लक्ष्य झाली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील डिन या कंपनीवर ‘मिराई’ने बाधित कॅमेरे, राउटर इत्यादी घरगुती उपकरणांमार्फत हल्ला झाला.

कार्यपद्धती

गाळणी प्रथम नेहमीच्या रहदारीची आधाररेषा निश्चित करते. त्यासाठी बहुधा चल सरासरी वापरतात. उदाहरणार्थ, जुन्या सरासरीचे नऊ दशांश व नव्या मापनाचा एक दशांश यांची बेरीज म्हणजे नवी सरासरी. समजा, एका संकेतस्थळावर सेकंदाला सरासरी ५०० विनंत्या येतात आणि मर्यादा सरासरीच्या तिप्पट, म्हणजे १,५०० आहे. पुढील मापन १,००० आल्यास सरासरी ५५० व मर्यादा १,६५० होते. मर्यादा ओलांडली गेली की गाळणी प्रेषक-पत्त्यांचे वैविध्य, पॅकेटांचा आकार आणि विनंत्यांची पुनरावृत्ती तपासते. त्यानंतर संशयित प्रवाहाचा वेग कमी करणे, मानवी वापरकर्ता असल्याची खातरजमा करणे आणि शेवटी पॅकेटे टाकून देणे, असे क्रमाने कठोर होत जाणारे उपाय योजले जातात. हल्ला ओसरल्यावर नियम सैल होतात.

गाळणी कोठे बसवली आहे, यालाही तितकेच महत्त्व आहे. जोडणीच भरून गेली असेल, तर सर्व्हरच्या दाराशी ठेवलेली गाळणी निरुपयोगी ठरते. अशा वेळी रहदारी पुरवठादाराच्या पातळीवर किंवा स्वतंत्र शुद्धीकरण केंद्रात गाळावी लागते. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिट वेगाचा हल्ला झाला. तेव्हा रहदारी अकामाई या कंपनीच्या जाळ्याकडे वळवून सेवा काही मिनिटांत पूर्ववत करण्यात आली. लक्ष्याकडे जाणारी सर्व रहदारी नष्ट करण्याचा ‘कृष्णविवर’ हा उपाय सोपा आहे. परंतु त्यामुळे उर्वरित जाळे वाचले तरी लक्ष्य बंदच पडते आणि हल्लेखोराचा हेतू साध्य होतो.

गर्दी आणि हल्ला यांतील भेद

रहदारीतील प्रत्येक उसळी म्हणजे हल्ला नव्हे. राज्य मंडळाचा दहावी-बारावीचा निकाल जाहीर होताच राज्यभरातील विद्यार्थी एकाच वेळी संकेतस्थळ उघडतात. नाशिक विभागीय मंडळातील नाशिक, धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांचे विद्यार्थीही त्यांत असतात. केवळ संख्येवर विसंबणारी गाळणी या गर्दीस हल्ला समजू शकते. पत्त्यावरून केलेला निवाडाही फसवा ठरतो. धुळ्यातील देवपूर येथील एखाद्या महाविद्यालयाचे शंभर संगणक एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यावरून बाहेर पडत असतील, तर गाळणीला ते एकच अतिउत्साही ग्राहक वाटतील. मोबाइल जाळ्यांतही अनेक ग्राहक एकच पत्ता वापरतात. एक पत्ता रोखल्याने असे अनेक निरपराध वापरकर्ते वंचित राहतात, म्हणजेच संरक्षणाच्या उपायातूनच सेवा-नकार घडतो. म्हणून गाळणीचे यश मोजताना अडवलेल्या पॅकेटांबरोबरच चुकून नाकारलेल्या खऱ्या वापरकर्त्यांचीही गणना करावी लागते.

मर्यादा

हल्लेखोर रहदारी सावकाश वाढवत नेऊन आधाररेषाच उंचावू शकतो. वरील उदाहरणात दुप्पट रहदारीने मर्यादा ओलांडली नाही, उलट ती वाढवली. यावर उपाय म्हणून मर्यादेस मानवनिर्धारित कमाल पातळी ठेवतात आणि संशयाच्या काळात सरासरीचे अद्ययावतीकरण थांबवतात. सांकेतिक स्वरूपातील रहदारीचा आशय वाटेतील गाळणीला वाचता येत नाही, हीही एक अडचण आहे.

भारतातील कायदा

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३(च) मध्ये अधिकृत व्यक्तीस संगणकाचा वापर नाकारण्याच्या कृत्याचा समावेश आहे. असे कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, अशा हल्ल्याची माहिती तो लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेस कळवणे सेवा पुरवठादार व संस्थांवर बंधनकारक आहे.